जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकू नका, बदला

गाडी गरम होते म्हणून ठाण्यात किंवा नवी मुंबईत जुन्या गॅरेजात नेली, की एक सल्ला बऱ्याचदा ऐकायला मिळतो: ‘वॉल काढून टाकू, आपल्या हवेत त्याची गरजच नाही.’ वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. पूर्वी वेळेवर पार्ट मिळत नसत तेव्हा गाडी कशीतरी घरी नेण्यासाठी हा तात्पुरता इलाज होता. आता लहान जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट काहीशे रुपयांत मिळतो, आणि तो काढून गाडी वर्षानुवर्षं चालवणं म्हणजे इंजिनाचं आयुष्य हळूहळू खाणं आहे.

‘आपल्या हवेत गरज नाही’ हे म्हणणं मुळातच चुकतं. बाहेर ३२ अंश असोत की १६, इंजिनाला नीट चालायला पाणी ८५ ते ९५ अंशांच्या आसपास लागतं. थंड प्रदेशात हे अंतर जास्त, आपल्याकडे कमी, एवढाच फरक. वाशीच्या मे महिन्यातही हे अंतर पन्नास अंशांच्या वरच असतं.

थर्मोस्टॅट इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं दार आहे. त्याच्या पितळी किंवा तांब्याच्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की मेण वितळून फुगतं, दांडा रेटतं, चकती सीटवरून उचलली जाते आणि पाणी रेडिएटरकडे जायला लागतं. पाणी थंडावलं की स्प्रिंग ती चकती परत मिटवते. वीज नाही, वायर नाही. बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांत तो ८२ किंवा ८८ अंशांना उघडायला लागतो, आणि तो आकडा त्याच्या पत्र्यावर ठोकलेला असतो.

काढून टाकल्यावर गाडी कधी कधी आधीपेक्षा जास्त तापते, याचं कारण बऱ्याच लोकांना माहीत नसतं. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला दुसरी एक लहान चकती असते. थर्मोस्टॅट बंद असताना पाणी बायपासच्या वाटेने इंजिनातच फिरतं. तो उघडतो तेव्हा ही खालची चकती सरकून बायपासचं तोंड बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरमधून जायला लावते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायमचा उघडा. मग माजिवड्याच्या सिग्नलला उभ्या गाडीत गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न शिवताच परत इंजिनात जातो. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा चढतो, आणि दोष मात्र रेडिएटरला दिला जातो.

ज्या इंजिनात ही दुसरी चकती नाही, तिथे उलटं होतं: इंजिन कधीच पुरेसं तापत नाही. पेट्रोलचं नीट बाष्प होत नाही, इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजिन अजून थंडच आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज पडतं. ऑइलमधली वाफ उडून जात नाही, ऑइल भरायच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा पिवळट-पांढरा थर जमतो. जुन्या गाडीला पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त येत असेल तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघा. पंधरा वर्षं झालेली गाडी फिटनेसला न्यायची असेल तर हे आधी तपासून घेतलेलं बरं.

थर्मोस्टॅटच बिघडलाय हे कसं ओळखायचं

सकाळी गार इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होस पाईपवर हात ठेवा, मात्र फॅन आणि बेल्टपासून हात, ओढणी, बाह्या लांब ठेवून. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पहिली काही मिनिटं पाईप गारच राहतो. काटा मध्याच्या जवळ आला की एकाएकी गरम पाण्याची लाट येते आणि पाईप थोड्याच वेळात हात ठेववणार नाही इतका तापतो. पाईप पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कुणीतरी आधीच काढून टाकलाय. काटा लाल रेषेकडे चाललाय आणि वरचा पाईप अजून गार, तर तो बंद अडकलाय, नाहीतर आत हवा अडकलीय किंवा वॉटर पंपाचा पंखा झिजलाय. काटा लालकडे गेला की इंजिन बंद करा. आणखी दोन मिनिटं बघू म्हणून चालू ठेवलं तर हेडचं पॅकिंग जातं.

काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या होसच्या बाजूला, पंपाच्या तोंडाशी असतो. तिथे वरचा पाईप लवकर तापणं स्वाभाविक आहे; हीच चाचणी खालच्या पाईपवर करा.

रस्ता स्वतःच बरंच सांगतो. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये रांगताना गाडी तापते, पण पाम बीच रोडवर वेगात ठीक चालते, तर आधी रेडिएटरचा फॅन, त्याचा रिले आणि स्विच बघा. उलट वेगात तापते आणि उभी असताना ठीक, तर रेडिएटर आतून गाळाने भरलाय किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय. पाम बीच रोडवर सत्तरच्या वेगाने दहा मिनिटं गेल्यावर काटा खाली खाली उतरत जातो, आणि सिग्नलला थांबलात की परत चढतो, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय हे जवळजवळ नक्की. ओबीडी सॉकेट (गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडायची जागा) असलेल्या गाडीला स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावलात तर अंशांमध्ये तापमान दिसतं. तिथे पी ०१२८ हा कोड आला असेल तर इंजिन वेळेत तापत नाहीये असा त्याचा अर्थ, आणि त्याचं नेहमीचं कारण थर्मोस्टॅटच असतं.

थर्मोस्टॅटला हात घालण्यापूर्वी रेडिएटरची कॅप काढून बघा, इंजिन पूर्ण गार असताना. तिच्यावर बहुधा ०.९ लिहिलेलं असतं, म्हणजे ०.९ बार दाब. हा दाब टिकला तर नुसतं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर कडक झालं, चिरलं, की हा दाब जातो आणि गाडी शंभरालाच उकळ्या मारते. कॅप थर्मोस्टॅटहून स्वस्त आहे आणि बदलायला एक मिनिट लागतं.

भांड्यातली चाचणी

काढलेला थर्मोस्टॅट खराबच होता का, आणि दुकानातून आणलेला नवा खरंच चांगला आहे का, दोन्ही गॅसवर कळतं. नवा बसवण्याआधी ही चाचणी कराच. बाजारात नकली माल भरपूर आहे आणि नवा कोरा थर्मोस्टॅट ९५ अंशांनाही न उघडणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

पुन्हा स्वयंपाकाला वापरणार नाही असं एखादं जुनं पातेलं घ्या. चकती आणि सीट यांच्यामध्ये दोरा अडकवा: स्प्रिंग बोटांनी दाबून फट करायची, दोरा घालायचा, सोडायचं. आता थर्मोस्टॅट त्या दोऱ्यावरच लटकतो. तो पाण्यात बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. शेजारी शंभराच्या वर मोजणारा थर्मामीटर धरा. तोही तळाला लावायचा नाही. ताप बघायचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो फुटेल.

मंद आचेवर पाणी ढवळत राहा. ७० नंतर आच आणखी कमी करा. ८२ चा थर्मोस्टॅट ८० ते ८४ च्या दरम्यान सीट सोडतो आणि दोऱ्यावरून निसटून पाण्यात पडतो; तोच त्याचा उघडण्याचा आकडा. मग चिमट्याने तो वर धरून पाणी ९५ पर्यंत न्या. चकती साधारण ८ मिलिमीटर उघडलेली दिसली पाहिजे. पाच मिलिमीटरवरच अडकली तर तो महामार्गावर कमी पडणार. गॅस बंद करा. पाणी गार होताना तो पूर्ण मिटला पाहिजे. उघडला त्यापेक्षा काही अंश खाली मिटतो, यात दोष नाही. मिटल्यावर उजेडाकडे धरून बघा: चकतीच्या कडेने फट दिसता कामा नये. हवेसाठी ठेवलेलं बारीक छिद्र किंवा त्यातली हलणारी पिन तेवढी चालते.

आकडा बदलण्याच्या भानगडीत पडू नका. ८८ च्या जागी ७६ चा बसवला म्हणजे गाडी गार राहील असं वाटतं, पण थर्मोस्टॅट दार कधी उघडायचं तेवढंच ठरवतो. एकदा पूर्ण उघडला की दोघांतून सारखंच पाणी जातं. चढावर तापणारी गाडी ७६ वरही तापणारच. कंपनीने दिलेला आकडाच घ्या.

सामान

दहा आणि बारा नंबरची गोटी, टी-पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, रुंद टब किंवा बादली, फनेल, गंज सोडवणारा स्प्रे, चारशे नंबरचा पॉलिश पेपर, प्लास्टिकची पट्टी. नवा थर्मोस्टॅट, त्याचं पॅकिंग किंवा ओ-रिंग, दोन नव्या होस क्लिपा. वरचा होस दाबल्यावर कडकड वाजत असेल किंवा टोकाला चिरा असतील तर तोही. जुन्या मॉडेलचा पार्ट जवळ मिळत नसेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बघावा, पण जुना नमुना हातात घेऊन जा आणि तीन गोष्टी जुळवा: पत्र्याचा व्यास, एकूण उंची आणि खालच्या चकतीचा आकार. ही खालची चकती नसलेला बसवलात तर बायपास उघडा राहतो आणि वर सांगितलेलाच त्रास होतो.

कूलंट, म्हणजे रेडिएटरमध्ये भरायचं रंगीत द्रव, दोन प्रकारचं मिळतं: पाणी मिसळून वापरायचं आणि थेट ओतायचं. मिसळायचं असेल तर अर्धं कूलंट, अर्धं पाणी. रेडिएटर-इंजिनात मिळून साडेतीन-चार लिटर मावणाऱ्या लहान गाडीला दोन लिटर घट्ट कूलंट पुरतं. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, म्हणून लोक नुसतं पाणी घालतात. पण कूलंटचं मोठं काम गंज थांबवण्याचं आहे, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला त्याची फार गरज असते. पाणी बॅटरीत घालायचं डिमिनरलाइज्ड घ्या. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या खारट पाण्याने आत क्षार धरतात, ते थर्मोस्टॅटच्या दांड्यावर बसतात आणि तो अर्धवट अडकतो. जितकं जास्त कूलंट तितकं चांगलं असंही नाही. सत्तर टक्क्यांच्या वर गेलात तर उष्णता वाहून न्यायची ताकद उलट कमी होते.

बदलायचा कसा

इंजिन रात्रभर गार झालेलं असावं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, काही गाड्यांचा फॅन चावी बंद असतानाही अचानक फिरतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करत असाल तर खाली टब नीट लावा. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा.

रेडिएटरची कॅप काढा आणि खालचा कॉक हळूच सैल करा. जुना प्लास्टिकचा कॉक ठिसूळ झालेला असतो. हाताने फिरत नसेल तर पक्कड लावू नका, खालचा होसच काढा. कूलंट दोन वर्षांच्या आतलं आणि स्वच्छ असेल तर दीड-दोन लिटर, म्हणजे थर्मोस्टॅटच्या पातळीखाली जाईल इतकंच काढलं तरी चालतं. तांबूस किंवा गढूळ असेल तर सगळं काढा.

वरचा होस इंजिनाकडे जिथे जातो, तिथली अ‍ॅल्युमिनियमची टोपी म्हणजे थर्मोस्टॅटचं घर. मारुती ८०० मध्ये ते इनटेक मॅनिफोल्डच्या टोकाला आहे. क्लिप सरकवा आणि होस पक्कडीने अलगद पिळून फिरवा. चिकटला असेल तर स्क्रू ड्रायव्हर आत खुपसू नका, नळीच्या तोंडाला चर पडतो आणि नवा होसही तिथून गळतो. होस ब्लेडने उभा कापून काढा. नव्या होसची किंमत नव्या टोपीपेक्षा कमी आहे.

आता बोल्ट. या सगळ्या कामात खरं नुकसान होतं ते इथे. टोपी अ‍ॅल्युमिनियमची, बोल्ट लोखंडाचा, आणि खाडीकाठची खारी हवा. बोल्टच्या मानेभोवती पांढरी भुकटी दिसली की समजा, आत दोन्ही धातू एकमेकांना धरून बसलेत. आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. बोल्टच्या डोक्यावर लहान हातोडीने सरळ चार-पाच हलके ठोके द्या. मग आधी किंचित आवळा, ‘टक्’ असं सुटल्यासारखं वाटलं की सोडवायला लागा. पाव आटा सोडा, पाव आटा परत आवळा, स्प्रे मारा, असं पुढे-मागे करत बाहेर आणा. पाना रबरासारखा लवचीक लागतोय, बोल्ट पिळतोय पण फिरत नाही, असं वाटलं की तिथेच थांबा. पुढचा जोर बोल्ट तोडेल. अशा वेळी होस आणि कूलंट परत घालून, बॅटरीची तार जोडून इंजिन सुरू करा आणि घर थोडं कोमट होऊ द्या (कूलंटशिवाय इंजिन सुरू करू नका), बंद करून पुन्हा प्रयत्न करा, नाहीतर हीट गन वापरणाऱ्या मेकॅनिककडे न्या. तुटलेला सहा मिलिमीटरचा बोल्ट ड्रिल करून काढणं हे थर्मोस्टॅटच्या दसपट कटकटीचं काम आहे.

टोपी उचलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. जुना थर्मोस्टॅट कोणत्या बाजूने बसलाय ते त्यात दिसेल, मात्र आधीच्या माणसाने उलटा बसवलेला असू शकतो. नियम असा: स्प्रिंग आणि मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला, गरम पाण्यात. उलटा बसवला तर डबीला गरम पाणी पोचतच नाही, आणि गाडी पहिल्याच फेरीत तापते. हवेची पिन असेल तर ती वरच्या बाजूला, घड्याळातल्या बारावर.

भोकात फडकं कोंबा, म्हणजे कचरा आत जाणार नाही. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी पट्टी अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे काढते. टोपीचा तळ सपाट आहे का बघायला जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून टोपी आठाच्या आकारात घासा. सगळीकडे सारखी चमक आली तर ठीक. मध्ये काळे डाग उरले तर तिथे खड्डे आहेत, आणि होसच्या तोंडालाही खोल खड्डे पडले असतील तर टोपीच बदला.

थर्मोस्टॅट त्याच्या खाचेत पूर्ण बसला पाहिजे. बोटाने कडेवरून फिरवून बघा. तो जरासा जरी वर असला आणि तुम्ही बोल्ट आवळले, तर टोपीचा कान तुटतो. कागदी पॅकिंग असेल तर दोन्ही बाजूंना आरटीव्हीचा (सिलिकॉनच्या सीलंटचा) अगदी पातळ हात, ओ-रिंग असेल तर आरटीव्ही अजिबात नाही, फक्त कूलंटचं बोट. जास्त लावलेलं आरटीव्ही आत पिळून निघतं आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतं. बोल्टच्या आट्यांना थोडं अँटी-सीझ ग्रीस लावा, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. दोन्ही बोल्ट आलटून पालटून आवळा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क पाना नसेल तर लहान पाना मुळाशी धरून मनगटाने आवळा, खांद्याचा जोर नको. आरटीव्ही लावलं असेल तर डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्या.

कूलंट भरणं आणि हवा काढणं

थर्मोस्टॅट बदलल्यावर ‘गाडी आता जास्तच तापते’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते. मेणाच्या डबीला पाण्याऐवजी हवा लागली तर तो वेळेवर उघडत नाही.

गाडी पार्किंगच्या उतारावर तोंड वर करून लावा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यांत उंच होईल. हँडब्रेक आणि मागच्या चाकांना दगड. हीटर असेल तर कळ पूर्ण गरमवर करा. आपल्याकडे ही कळ वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही, त्यामुळे वॉल्व्ह जाम झालेला असतो. जबरदस्ती करू नका. बॅटरीची तार जोडा. फनेलने कूलंट बारीक धारेने ओता, मध्ये थांबून वरचा होस हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवा.

कॅप न लावता इंजिन सुरू करा आणि एसी बंद ठेवा. पातळी खाली जाईल तशी भरत राहा. थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा पातळी एकदम खाली जाते. लगेच भरा आणि कॅप लावा. फॅन दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. भरताना बुडबुडे थांबतच नसतील, आणि इंजिन पूर्ण तापल्यावरही सतत येत असतील, तर ती अडकलेली हवा नव्हे, हेडच्या पॅकिंगमधून येणारा गॅस असू शकतो. मग गाडी मेकॅनिकला दाखवा.

पूर्ण गार झाल्यावर कॅप उघडून रेडिएटर काठोकाठ भरा, रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीत पातळी लो आणि फुल यांच्या मध्ये ठेवा. पहिले दोन-तीन दिवस रोज सकाळी बघा. पहिल्या दिवशी थोडी उतरेल. तिसऱ्या दिवशीही उतरत असेल तर गळती आहे. टोपीच्या सांध्यावर आणि क्लिपांखाली वाळलेला हिरवट-पांढरा माग शोधा, आणि गाडी उभी असते तिथे रात्री एक पुठ्ठा पसरून ठेवा. काढलेलं जुनं कूलंट बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या, गटारात ओतू नका. बदलल्याची तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा: साधं हिरवं कूलंट दोन वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला बदलायचं असतं, आणि दर दुसऱ्या बदलाला, किंवा गाडी एकदा लालपर्यंत तापून गेली असेल तर लगेच, थर्मोस्टॅटही.